डायनोसॉरांचे उत्तरचरित

एखादी गोष्ट गाजली की लोक तिचा पुढचा भाग मागतात, आणि पुढचा भाग आला की "पहिल्याची सर नाही हो याला," असे म्हणत घरी जातात. हा रिवाज इतका जुना आणि इतका सर्वमान्य आहे, की पुढच्या भागाबद्दल चार शब्द चांगले बोलणारा माणूस आपल्याला थोडा भोळसटच वाटतो. मी भोळसट नाही, असे माझे स्वतःबद्दल मत आहे. त्यामुळे हा रिवाज मी गेली पंचवीसहून अधिक वर्षे इमानेइतबारे पाळत आलो.

घरात पाळला असता तर एक वेळ चालले असते, पण मी तो वर्गातही पाळला. साहित्यशास्त्राच्या तासाला भवभूतीचा विषय निघाला की माझे एक ठरलेले वाक्य असते. भवभूतीने रामाच्या पूर्वायुष्यावर 'महावीरचरित' लिहिले आणि मग त्याचा पुढचा भाग म्हणून 'उत्तररामचरित' लिहिले. आणि जुन्या रसिकांचा निर्वाळा असा, की कवी खरा सरस ठरला तो पुढच्या भागातच. "आता याच्या नेमके उलट उदाहरण हवे असेल," असे म्हणून मी खडू खाली ठेवतो, "तर 'ज्युरासिक पार्क'चा दुसरा भाग आठवा." वर्ग हसतो, तास हलका होतो, आणि तेवढ्यात घंटा होते. असा बिनखर्चाचा विनोद कोणता प्राध्यापक सोडील?

या वर्षी मात्र दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "सर, तो दुसरा भाग तुम्ही किती वेळा पाहिलात?"

"एकदा."

"कधी?"

"१९९७ साली."

ती काही बोलली नाही. तिने वहीत काहीतरी लिहिले. ज्यांनी अध्यापनाचा व्यवसाय केला आहे, त्यांना या लिहिण्याचा अर्थ सांगायला नको. मी घरी आलो आणि अकरा वर्षांच्या कन्येला म्हणालो, "या शनिवारी आणि रविवारी आपण दोन सिनेमे पाहायचे." तिला कारण विचारायचे कारणच नव्हते.

शनिवारी पहिला लावला.

मायकेल क्रायटन या अमेरिकन लेखकाची 'ज्युरासिक पार्क' ही कादंबरी १९९० साली निघाली, आणि १९९३ च्या जूनमध्ये स्टीव्हन स्पीलबर्गने तिचा चित्रपट आणला. कथा आता पोरासोरांनाही पाठ आहे. राळेच्या खड्यात कोट्यवधी वर्षे अडकून पडलेल्या डासाच्या पोटातले रक्त मिळवून हॅमंड नावाचा एक हौशी, श्रीमंत म्हातारा कोस्टा रिकाजवळच्या बेटावर जिवंत डायनोसॉर निर्माण करतो, त्यांची बाग उभारतो, आणि ती उघडण्याआधी दोन-तीन तज्ज्ञांना व स्वतःच्या दोन नातवंडांना पाहायला बोलावतो. पुढे वीज जाते, कुंपणे निकामी होतात आणि व्हायचे ते होते. हॅमंडचे काम रिचर्ड अ‍ॅटनबरोने केले होते. आपल्याकडच्या प्रेक्षकाला हा गृहस्थ परका नव्हता. 'गांधी' (१९८२) त्यानेच दिग्दर्शित केला होता आणि सत्यजित राय यांच्या 'शतरंज के खिलाडी' (१९७७) मध्ये जनरल औट्रम म्हणून वाजिद अलीशाहाचे राज्य गिळंकृत करून गेला होता.

हा चित्रपट हिंदी बोलत १९९४ साली भारतभर फिरला. हॉलिवूडच्या चित्रपटांना हिंदीतून बोलते करण्याची जी वाट पुढे रुळली, ती या यशाने. आम्ही तेव्हा सांगलीत होतो. मी तेरा वर्षांचा. आमचे वडील, म्हणजे अण्णा, यांना सिनेमाचे वावडे नव्हते, पण तिकिटाच्या पैशांचे होते. तरीही शाळेतली सगळी पोरे पाहून आली आणि मी जेवताना रोज तोंड पाडून बसू लागलो, तेव्हा एका रविवारी कपडे करून ते म्हणाले, "चल, बघू तरी काय आहे ते."

त्या दिवशीचे मला सर्वांत ठळक आठवते ते टायरॅनोसॉरसचे येणे नव्हे. चित्रपट सुरू होऊन सुमारे वीस मिनिटे झालेली असतात. तोवर एकही जनावर धड दिसलेले नसते. सुरुवातीला पिंजऱ्यातले काहीतरी एका कामगाराला ओढून नेते, पण आपल्या वाट्याला येतो तो फक्त त्याचा डोळा. मग जीपगाडी कुरणात थांबते. डॉ. ग्रँट, ज्याने उभे आयुष्य हाडे उकरण्यात घालवले, तो बाजूला पाहतो आणि उभा राहतो. टोपी काढतो, गडबडीने गॉगल काढतो. शेजारी त्याची सहकारी एली हातातल्या पानात गुंगलेली आहे. तिचे डोके तो हाताने धरून वळवतो. तिचाही आ वासतो. आणि मग, पाहणाऱ्यांची तोंडे पुरेशी पाहून झाल्यावर, आपल्याला दिसतो तो ब्रॅकिओसॉरस. झाडाचा शेंडा खायला मागच्या पायांवर उठलेला. या क्षणी अण्णांनी आपला चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि पुन्हा घातला. पडद्यावरचा माणूस जे करत होता तेच हे करत होते, हे मला तेव्हा कळले नाही. या शनिवारी कळले.

परत येताना अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हातारा वाईट नाही रे. त्याला दाखवायची हौस होती."

आज मला वाटते, पहिल्या चित्रपटाचे सारे बळ या वाक्यात आले. कोणाला तरी काही दाखवायचे आहे आणि कोणाला तरी ते पाहायचे आहे. १२७ मिनिटांच्या त्या चित्रपटात डायनोसॉर पडद्यावर असतात ते जेमतेम पंधरा मिनिटे. बाकीचा वेळ आपण त्यांची वाट पाहत असतो. टायरॅनोसॉरस तर तासाभराने येतो, आणि येण्याआधी गाडीत ठेवलेल्या पाण्याच्या पेल्यात नुसत्या वर्तुळाकार लाटा उठवतो. (गाडीच्या फळीखाली गिटारची तार बांधून ती छेडल्यावर ही वर्तुळे जमली, असे सांगतात. लाखो डॉलरांच्या खटाटोपात सर्वांत भीतिदायक गोष्ट निघाली ती एका तारेची!) त्याचा हल्ला होत असताना पार्श्वसंगीत मुळीच नाही, पाऊस, लोखंडाची करकर आणि ती गर्जना. ती गर्जनाही हत्तीच्या पिल्लाचा आवाज, वाघ आणि मगर यांच्या मिश्रणातून ध्वनिकाराने तयार केली होती. जनावराचे धूड स्टॅन विन्स्टनच्या कारखान्यात बनलेले, पूर्ण आकाराचे. कृत्रिम पावसात त्याची रबरी कातडी पाणी पिऊन जड होई आणि ते आपोआप थरथरू लागे; मग माणसांनी टॉवेल घेऊन त्याला पुसावे, असा प्रकार. उरलेले काम संगणकाने केले. फिल टिपेट हा पुतळे हलवून चित्रे घेण्याच्या जुन्या कलेतला नाणावलेला कारागीर या कामासाठी नेमला होता. संगणकाने पळवलेला डायनोसॉर पाहून तो म्हणाला, आता आम्हीच नामशेष झालो. स्पीलबर्गने त्याला काढले तर नाहीच, उलट जनावरांच्या चालीचा जाणकार म्हणून ठेवून घेतले, आणि त्याचे वाक्यही चित्रपटात एका पात्राच्या तोंडी घातले.

चित्रपटाने पहिल्याच फेरीत ९० कोटी डॉलरांच्या वर मिळवले आणि तीन ऑस्कर नेले. मग पुढचा भाग निघणार, यात नवल ते काय?

वस्तुतः या जातीच्या पुढच्या भागांची वंशावळ फारशी कुलवान नाही. आर्थर कॉनन डॉइलने १९१२ साली 'द लॉस्ट वर्ल्ड' ही कादंबरी लिहिली. दक्षिण अमेरिकेतल्या एका पठारावर प्राचीन प्राणी अजून जिवंत आहेत, अशी कल्पना. तिच्यावर १९२५ साली मूकपट निघाला, त्यातले प्राणी विलिस ओब्रायनने एकेक चित्र घेत हलवले होते. त्याच ओब्रायनचा 'किंग काँग' १९३३ साली आला आणि त्याने जग जिंकले. पण निर्मात्यांना इतकी घाई, की त्याच वर्षाच्या डिसेंबरात 'सन ऑफ काँग' पडद्यावर हजर! बापाची पुण्याई नऊ महिन्यांत खर्चून टाकणारा असा चिरंजीव विरळाच. त्याचे आज नाव घेतले जाते ते बापामुळेच.

क्रायटनने १९९५ साली दुसरी कादंबरी लिहिली आणि डॉइलला वंदन म्हणून नाव तेच ठेवले, 'द लॉस्ट वर्ल्ड'. त्यासाठी त्याला एक वंदन आणखी करावे लागले. पहिल्या कादंबरीच्या अखेरीस इयान माल्कम हा बोलघेवडा गणिती मेला, असे त्याने लिहून ठेवले होते. पण पडद्यावर जेफ गोल्डब्लमने त्या माल्कमला असे लोकप्रिय केले की त्याला मरू देणे परवडणारे नव्हते. डॉइलने शेरलॉक होम्सला १८९३ साली धबधब्यात ढकलले आणि दहा वर्षांनी झाडून-पुसून परत आणले. क्रायटनने माल्कमचे तसेच केले. चित्रपटात तर तो मेलाच नव्हता, तेव्हा तिथे काही अडचण नव्हती. १९९७ च्या मे महिन्यात स्पीलबर्गचाच दुसरा चित्रपट आला.

रविवारी मी तो लावला तेव्हा मनाची तयारी अर्थातच निकाल कायम करण्याची होती. पहिला अर्धा तास मला तसा भरपूर पुरावाही मिळाला.

सुरुवात पाहा. एक श्रीमंत इंग्रज कुटुंब जहाजातून फिरता फिरता बेटावर उतरते. त्यांची लहान मुलगी एका कोंबडीएवढ्या डायनोसॉरला सँडविचचा तुकडा देते. एकाचे अनेक होतात आणि किंकाळी ऐकू येते. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या मिनिटालाच जनावर स्वच्छ उजेडात आपल्यापुढे! आईच्या किंकाळीवरून एकदम माल्कमच्या जांभईवर जाणारा सांधा मोठा हुशारीचा आहे. पण मला वाटले, ही जांभई दिग्दर्शकाचीही असावी. पुढे सगळी मंडळी दुसऱ्या बेटावर पोचतात. पहिल्या बेटावर होती ती बाग. जनावरे जन्माला घालण्याचा खरा कारखाना इथे होता, आणि आता कुंपणे नाहीत, रखवालदार नाहीत, जनावरे मोकळी नांदत आहेत. झाडीतून स्टेगोसॉरसांचा कळप जातो. दृश्य देखणे आहे. सोबतचे लोक चकित होतात, आणि माल्कम म्हणतो की सुरुवात नेहमी अशीच 'अहाहा'ने होते, मग धावाधाव आणि किंचाळणे. प्रेक्षक हसतो. पण स्वतःच्या आश्चर्याची स्वतःच टवाळी केल्यावर आश्चर्याला घरात जागा उरत नाही. पाहुणा दारात असतानाच "हे लोक जेवून लगेच जातात," असे यजमान म्हणाला, तर पंगत कशी रंगावी?

या बेटावर येणाऱ्यांपैकी कोणालाच पाहायची हौस नाही. हॅमंडचा पुतण्या लडलो याला जनावरे पकडून सान डिएगोला न्यायची आहेत. छायाचित्रकार म्हणून आलेल्या निकला त्याचा डाव उधळायचा आहे. माल्कमला आपली मैत्रीण सारा हिला घेऊन परत जायचे आहे. एकटी सारा संशोधक आहे, पण तिचे संशोधन बहुतेक पळता पळता होते. जॉन विल्यम्सने दिलेले संगीतही याला साक्ष आहे. पहिल्यातली ती प्रार्थनेसारखी विस्तीर्ण धून इथे जवळजवळ शेवटापर्यंत लपून राहते; मध्ये आहेत ते जंगलाचे नगारे.

दोन चित्रपटांच्या मधल्या काळातही काही घडले होते, हे विसरून चालणार नाही. पहिल्याचे संकलन चालू होते तेव्हा स्पीलबर्ग पोलंडमध्ये 'शिंडलर्स लिस्ट'चे चित्रीकरण करत होता. दिवसा नाझींच्या छळछावण्या आणि रात्री डायनोसॉर. त्यानंतर तीन वर्षे त्याने एकही चित्रपट दिग्दर्शित केला नाही, आणि परतला तो या दुसऱ्या भागाने. छायालेखकही आणला तो 'शिंडलर्स लिस्ट'चाच, यानुश कामिन्स्की. म्हणूनच की काय, पहिल्यातले ऊन इथे फारसे नाही. रात्र, पाऊस, कॅलिफोर्नियातल्या अजस्र रेडवूड झाडांची सावली. स्पीलबर्गनेही पुढे, हा चित्रपट करताना आपण स्वतःवरच वैतागलो होतो, अशा अर्थाची कबुली दिली आहे.

इथपर्यंत माझा निकाल सुरक्षित होता. मी कन्येकडे विजयी मुद्रेने पाहिले. तिचे लक्ष माझ्याकडे नव्हते.

टायरॅनोसॉरसचे एक पिल्लू पाय मोडून पडलेले असते. मोठे जनावर यावे म्हणून शिकाऱ्याने त्याला आमिष म्हणून बांधलेले. निक आणि सारा ते उचलून आपल्या फिरत्या प्रयोगशाळेत, म्हणजे एकमेकींना जोडलेल्या दोन लांबलचक मोटारगाड्यांत, आणतात आणि त्याच्या पायाला पट्टी बांधू लागतात. पिल्लू ओरडत असते. मग बाहेरून उत्तर येते. एक नव्हे, दोन. आई आणि बाप. खिडकीच्या दोन्ही बाजूंना दोन प्रचंड डोकी येऊन थांबतात आणि आत पाहतात. हल्ला करत नाहीत, वाट पाहतात. निक आणि सारा दार उघडून पिल्लू परत देतात, ती दोघे त्याला हुंगतात आणि घेऊन जातात. आणि मग, पिल्लू सुखरूप ठेवून, हिशोब चुकता करायला परत येतात. गाड्या कड्यावरून ढकलल्या जातात, सारा खाली काचेवर पडते, आणि तिच्या तळहाताखाली ती काच एकेक रेघ तडकत जाते. तिला वाचवायला एडी नावाचा मितभाषी यंत्रज्ञ पावसात एकटा धडपडतो. दोर बांधतो, गाडीने ओढून धरतो, आणि या चांगुलपणाचे बक्षीस म्हणून ती दोघे त्याला मधोमध फाडून वाटून घेतात.

हा प्रसंग पहिल्या चित्रपटातल्या कोणत्याही प्रसंगाच्या तोडीचा आहे. तडकणारी काच ही पेल्यातल्या वर्तुळांची सख्खी बहीण आहे. आणि यात पहिल्यात नसलेले एक काहीतरी आहे. पहिल्यातला टायरॅनोसॉरस भुकेला होता. इथली दोघे आई-बाप आहेत. आपल्याला त्यांची भीती वाटते, पण त्यांचे चुकले असे वाटत नाही.

ही कल्पना हवेतून आलेली नव्हती. दोन्ही चित्रपटांचा शास्त्रीय सल्लागार जॅक हॉर्नर हा पुराजीवशास्त्रज्ञ. त्यानेच आपल्या सहकाऱ्याबरोबर १९७९ साली अमेरिकेच्या मोंटाना राज्यात मिळालेल्या एका डायनोसॉराला 'माइआसॉरा' हे नाव दिले. अर्थ, 'चांगल्या आईची सरड्याची जात'. तिथे घरटी सापडली होती आणि घरट्यांत अंड्यातून बाहेर येऊन काही काळ वाढलेली पिल्ले होती. म्हणजे त्यांना कोणीतरी भरवत असले पाहिजे, असा तर्क. टायरॅनोसॉरस आपली पोरे सांभाळत असे याचा तसा पुरावा नाही. पण त्याच्या जवळच्या नात्यातले पक्षी आणि लांबच्या नात्यातल्या मगरी पिल्लांची राखण करतात, तेव्हा कल्पना अगदीच अशास्त्रीय नव्हे. चित्रपटात तर यावरून दोन शास्त्रज्ञांत वादच आहे, आणि 'हे प्राणी पिल्लांची पर्वा करत नाहीत' असे म्हणणारा दाढीवाला पुढे टायरॅनोसॉरसच्याच तोंडी जातो. विद्वानांचे वाद इतक्या निर्णायकपणे मिटताना मी अन्यत्र पाहिलेले नाही.

जाता जाता सांगायचे तर, हा चित्रपट आला त्याच १९९७ साली आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या एका लांब मानेच्या डायनोसॉराचे वर्णन कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या दोन शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले. आज त्याला 'आयसिसॉरस' म्हणतात. त्यातले पहिले तीन वर्ण त्या संस्थेच्या आद्याक्षरांचे. तेव्हा रांगा लावून आपण पाहायला गेलो ते अमेरिकेतले.

दुसऱ्या चित्रपटाची दुसरी जमेची बाजू म्हणजे रोलंड टेंबो हा शिकारी. पीट पोस्टलथ्वेट या इंग्रज नटाने तो उभा केला आहे. त्याला पैसा नको. एक नर टायरॅनोसॉरस मारायची परवानगी, एवढाच मोबदला. कथेने त्याला खलनायक करायचे ठरवलेले दिसते, पण या नटाने ते होऊ दिले नाही. त्याच्या बंदुकीतल्या गोळ्या निकने चोरलेल्या, म्हणून ऐन वेळी तो गुंगीचे बाण मारून जनावर पाडतो. पण अजय सिद्धू हा त्याचा जुना साथीदार उंच गवतात रॅप्टरांना बळी पडलेला असतो (हॉलिवूडने आपल्या नावाचा माणूस घ्यावा आणि तो गवतातच ठेवावा, हेही ओघानेच आले). विजयी शिकाऱ्याला लडलो नोकरी देऊ करतो, तर तो म्हणतो की मृत्यूच्या संगतीत पुष्कळ राहिलो, आता पुरे. आणि चालू लागतो. साऱ्या चित्रपटात बदललेला माणूस हा एकच. ते उंच गवतही विसरता येत नाही; वरून पाहिले तर शांत, आणि त्यात चारी बाजूंनी नुसत्या रेघा उमटत येतात. जनावर न दाखवता भीती दाखवायची पहिल्या चित्रपटाची विद्या दिग्दर्शक विसरलेला नव्हता, हे तिथे कळते.

मग बिघडले कुठे? किरकोळ दोष पुष्कळ आहेत. सारा ही या प्राण्यांची जाणकार. टायरॅनोसॉरसचे नाक किती तिखट, हे तिला ठाऊक. आणि पिल्लाच्या रक्ताने माखलेले जाकीट तीच अंगावर घालून फिरते! माल्कमची मुलगी केली कसरतीच्या दांड्यावर झोका घेऊन रॅप्टरला लाथ मारते, तेव्हा १९९७ साली सबंध थिएटर हसले होते. जहाज बंदरावर येऊन आदळते, त्यावरचे खलाशी मेलेले. सुकाणूवर तुटलेला हात. आणि जनावर मात्र खाली बंद तळघरात! खलाशांना मारले कोणी, हे आजतागायत कोणी सांगितलेले नाही.

पण हे दोष चालून गेले असते. खरा घात केला तो शेवटच्या अर्ध्या तासाने. टायरॅनोसॉरस सान डिएगो शहरात सुटतो, कोणाच्या तरी अंगणातल्या तलावात पाणी पितो, कुत्रा खातो, बस उलथतो, आणि पटकथालेखक डेव्हिड केप यालाही, जो गमतीने एका छोट्या भूमिकेत होता, गिळतो. १९२५ च्या मूकपटात ब्राँटोसॉरस लंडनच्या रस्त्यांत धुमाकूळ घालतो, त्याची ही आठवण आहे, हे कळते. गंमतही येते. पण आतापर्यंत जे जनावर बाप होते ते इथे पुन्हा नुसते धूड होते. पिल्लाच्या मागोमाग त्याला जहाजावर परत नेतात, ही कल्पना मूळ सूत्राची; पण ती आता पळापळीत एक युक्ती म्हणून उरते.

इथे मला माझा भवभूती पुन्हा आठवला, आणि या खेपेस मी त्याला विनोदासाठी वापरू शकलो नाही. 'उत्तररामचरित' सरस का ठरले? पहिल्या अंकात राम आणि सीता आपल्याच वनवासाची चित्रे पाहत असतात. म्हणजे कवी आधीची सारी गोष्ट प्रेक्षकाला एकदा डोळ्यांखालून घालू देतो, आणि त्याच अंकात राम तिचा त्याग करतो. आधीच्या कथेने जो प्रश्न सोडून दिला होता, की इतके युद्ध करून जिला परत आणले तिचे पुढे काय, तो प्रश्न तो हाती घेतो आणि अखेरपर्यंत सोडत नाही. 'लॉस्ट वर्ल्ड'लाही असाच एक अस्सल प्रश्न सापडला होता. माणसाच्या हौसेने जन्माला घातलेले हे जीव आता स्वतःचे संसार मांडून बसले आहेत; त्यांचे काय करायचे? ते कोणाचे? पहिल्यात हा प्रश्न विचारायला सवडच नव्हती. दुसऱ्याने तो विचारला, खिडकीबाहेरच्या दोन डोक्यांच्या रूपाने फार चांगला विचारला, आणि मग बस उलथायला निघून गेला. शेवटी हॅमंड दूरदर्शनवर येऊन सांगतो की त्या बेटाला एकटे राहू द्या. हे उत्तर दोन मिनिटांत उरकते.

तेव्हा 'पहिल्याची सर नाही,' हे माझे मत मी बदलत नाही. पण 'फसला' म्हणणे आणि 'पहिल्याहून मोठे काही हाती लागले होते, ते निसटले' म्हणणे, यांत अंतर आहे. वर्गात मी इतकी वर्षे पहिले म्हणत आलो, ते चूक होते. त्या दुसऱ्या बाकावरच्या मुलीला मी तसे सांगितले आहे.

असा चुकीचा निकाल मी इतकी वर्षे का उराशी धरला, त्याचेही कारण सांगून टाकतो. १९९७ साली मी कॉलेजात नुकता गेलो होतो. अण्णांनी वर्तमानपत्रातली जाहिरात पाहिली आणि म्हणाले, "अरे, त्या म्हाताऱ्याचा पुढचा भाग आलाय म्हणे." त्यांना काय म्हणायचे होते, ते मला पुरते कळले होते. पण मित्रांबरोबर जायचे ठरलेले. सोबत धोतर नेसलेले वडील असणे ही कल्पना त्या वयात सहन होण्यासारखी नव्हती. मी म्हणालो, "तुम्हाला नाही आवडायचा. नुसती मारामारी आहे त्यात." तेव्हा मी तो पाहिलाही नव्हता. पाहून आलो आणि दारातच सांगितले, "अगदीच टाकाऊ." ते म्हणाले, "बरं झालं, पैसे वाचले." अण्णांनी तो कधीच पाहिला नाही. आता तेही नाहीत. टाकाऊ ठरवलेला चित्रपट टाकाऊच राहणे मला सोयीचे होते.

हे मी रविवारी कन्येला सांगितले नाही. चित्रपट संपल्यावर तिला मत विचारले, तर ती म्हणाली, "बाबा, मला दुसराच जास्त आवडला."

"का ग?"

"पहिल्यात सगळ्यांना फक्त पळायचं असतं. दुसऱ्यात ते दोघं त्यांच्या पिल्लाला शोधत येतात ना. आणि केलीला तिचे बाबा नको नको म्हणत असतात तरी ती लपून त्यांच्याबरोबर जाते."

सान डिएगोचे काय, असे मी विचारले. तो भाग तिला सर्वांत जास्त आवडला होता! कुत्र्याचे तेवढे वाईट वाटले. मी भवभूतीबद्दल काही सांगणार होतो, पण तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, तिला जेवू द्या आधी."

जेवताना तिने चौकशी करून ठेवली. तिसरा भाग २००१ सालचा आहे, त्यात डॉ. ग्रँट परत येतो, पण दिग्दर्शक स्पीलबर्ग नाही. २०१५ साली चौथा, ज्यात बागेचा मालक आपला इरफान खान आहे. आणि त्यानंतरही आणखी तीन, शेवटचा २०२५ चा. दिवाळीच्या सुट्टीत रोज एक, असा तिचा बेत. सौभाग्यवतींनी या वेळी आपणही बसणार असल्याचे जाहीर केले आहे, आणि चकल्या तळून होईपर्यंत कोणी सुरू करायचे नाही, अशी ताकीदही दिली आहे.